घाटपांडे भाऊजींचा न लागणारा कॅमेरा

घाटपांडे भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. फोनवर त्यांचा पुतण्या होता, साताऱ्याहून. "काकांच्या वहीत तुमचा नंबर होता," म्हणाला. मी बरं म्हटलं, विचारायचे ते दोनचार प्रश्न विचारले, फोन ठेवला आणि उरलेली भेंडी चिरली. भाजी नेहमीसारखीच झाली. काहीतरी वाटायला हवं होतं आणि वाटत नाहीये, एवढंच जाणवत राहिलं. भाऊजींना याचा राग आला नसता. त्यांचं स्वतःचं दोन-अडीच वर्षं असंच चाललं होतं.

देवासला हाऊसिंग बोर्डाच्या कॉलनीत ते आमच्या समोरच्या दारात राहायचे. साताऱ्याकडचा माणूस, तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी माळव्यात आला आणि राहिला. त्यांची बायको मालूताई धारची, जुन्या दरबारी कारकुनांच्या घराण्यातली. मीही धारची. त्यामुळे ती माझी ताई आणि तिचा नवरा माझा भाऊजी, हे नातं तिनं पहिल्याच दिवशी जिन्यात लावून टाकलं. मी हिंदी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायचे म्हणून भाऊजी मला 'बाई' म्हणत. मूलबाळ त्यांना नव्हतं.

कारखान्यात ते वाफेचा दाब, भट्टीचं तापमान दाखवणारे मीटर दुरुस्त करत. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "शेवटचं नीट कधी चाललं होतं?" पंखा असो, रेडिओ असो, हेच. एकदा तळमजल्यावरच्या काकू गुडघा दुखतो म्हणून जिन्यात बसल्या होत्या, तर त्यांनाही यांनी तेच विचारलं. काकूंनी विचार करून सांगितलं, "हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला गेले होते ना, तेव्हा." भाऊजींनी मान हलवली, जणू दोष कुठे आहे ते त्यांना कळलंच होतं.

कारखान्याचं एक खातं बंद झालं तेव्हा भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. इंदूरला पुस्तकांच्या दुकानात एका मासिकाबरोबर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी मिळाली, ती त्यांनी त्यावर चढवली. तेव्हा देवासात लिनक्स वापरणारे ते एकटेच असावेत. दुसरा कुणी असला तरी तो लपून राहिला होता. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर जी सीडी येई ती विंडोजची. घातली की वस्तू चालू. भाऊजींच्या मशीनला त्या सीडीचा उपयोग नव्हता. प्रिंटर असो की मोडेम, प्रत्येकाशी यांना पहिल्यापासून बोलणी करावी लागत. लोक म्हणत, घाटपांडेसाहेब, कशाला हा उपद्व्याप? ते म्हणत, "हे मशीन काय करतंय ते सांगतं. मला सांगणारं मशीन लागतं."

त्यांनी एक लांबट रजिस्टर केलं होतं. वस्तू कोणती, कुणाची, मशीन काय म्हणालं, आणि शेवटच्या रकान्यात 'लागलं' किंवा 'लागत नाही'. एखादी वस्तू मशीननं ओळखून चालवायला घेतली की ती 'लागली'. कॉलनीत हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. "साहेब, मोडेम लगा क्या?" असं लोक जिन्यातून ओरडून विचारत. मालूताई म्हणायची, "यांना काही लागलं की लोक पेढे मागतात. मला लागलं तर हळदसुद्धा मीच लावते."

आमच्या शाळेचा प्रिंटरही त्यांनीच लावला. शाळेला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दान दिला होता आणि त्यावर घालायला दुसरं काही नव्हतं म्हणून मुख्याध्यापकांनी भाऊजींची सीडी चालवून घेतली. मी गुणांची यादी छापायला सोडली, तर पहिली ओळ डावीकडे, दुसरी पहिली संपली तिथून खाली, तिसरी आणखी उजवीकडे, आणि चौथी कागदाबाहेर. पायऱ्यापायऱ्यांनी मुलं कागदावरून उतरून गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "ये क्या सीढ़ी बना दी मैडम?" भाऊजींनी कागद उजेडात धरला. म्हणाले, "बाई, टाइपरायटरला दोन कामं असतात. ओळ खाली उतरवायची आणि गाडी मागे न्यायची. हा खाली उतरतोय, मागे येत नाहीये. त्याला वाटतं ते आपलं काम नाही." मग खाली बसून त्यांनी काहीतरी दोन ओळी टाइप केल्या आणि यादी सरळ आली. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'लागलं'. चहा घेतला नाही, कारण चहा ते फक्त घरचा घेत.

कॅमेऱ्याची गोष्ट मालूताईच्या आजारपणात सुरू झाली. तिचा एक मामेभाऊ दुबईला होता. त्यानं येताना दोन छोटे डिजिटल कॅमेरे आणले, एक देवासला हिच्यासाठी आणि एक धारला हिच्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी. अगदी स्वस्तातले, साबणाच्या वडीएवढे. मागे काचेचा पडदा नाही, नुसती एक बारीक खिडकी, त्यात किती फोटो काढले तो आकडा दिसे. बरोबरची सीडी मालूताईनं पहिल्याच आठवड्यात दोरा बांधून गॅलरीत टांगली, कबुतरं येऊ नयेत म्हणून. भाऊजींना त्यात गैर काही वाटलं नाही. सीडी विंडोजची होती, त्यांच्या काय कामाची?

कॅमेऱ्याची खोड त्यांना नंतर माहितीपत्रक वाचून कळली. फोटो राहतात ते सेलच्या जोरावर. सेल काढले किंवा संपले की सगळे फोटो पुसले जातात, मागे काही उरत नाही.

मालूताईचं ऑपरेशन इंदूरला ठरलं. जायच्या आधीच्या आठवड्यात ती घरात कॅमेरा घेऊन फिरत होती, हे मी दारातून पाहिलं होतं. काय काढत होती ते मी विचारलं नाही. रिक्षात बसताना तिनं कॅमेरा भाऊजींच्या हातात दिला. मी पिशवी धरून शेजारीच उभी होते. ती म्हणाली, "यात तुमच्यापुरतं काढून ठेवलंय. सावकाश बघा." खिडकीत आकडा होता सव्वीस.

ती परत आली नाही. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेली.

भिंतीवर लावायला तिचा धड फोटो घरात नव्हता. शेवटी हळदीकुंकवाच्या एका ग्रुपफोटोतून तिचा चेहरा मोठा करून घेतला. मोठा करताना तो फुटून भुरकट झाला होता, आणि डाव्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचं तरी कोपर राहिलं होतं. आलेला प्रत्येक माणूस आधी त्या कोपराकडे बघायचा. तेराव्याला सगळे पांगल्यावर भाऊजी मला म्हणाले, "बाई, तिचा नीट फोटो आहे. माझ्यासाठी काढून ठेवलेत तिनं. सव्वीस. लागले की लावतो."

त्यांनी कॅमेरा मशीनला जोडला तेव्हा मशीननं सांगितलं की अमुक क्रमांकाचं उपकरण आलं आहे आणि त्यावर कोणीही हक्क सांगितलेला नाही. भाऊजींनी ते रजिस्टरमध्ये मराठीत लिहिलं. 'स्टँडवर उतरलाय. कुणी घ्यायला आलेलं नाही.' आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला. त्या रजिस्टरमधला तो एकच कोरा रकाना होता.

आधी साधा रस्ता धरू म्हणून आम्ही इंदूरला एका दुकानात गेलो. गॅलरीतली सीडी उन्हानं पांढरी पडली होती आणि तिच्यावर कबुतरांच्या चोचीचे ओरखडे होते, ती दुकानातल्या मशीनलाही वाचता येईना. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "कोई बात नी, बाऊजी, देखते हैं," आणि सवयीनं त्याचा अंगठा सेलच्या झाकणावर गेला. भाऊजींनी कॅमेरा त्याच्या हातातून ओढून घेतला. एवढ्या जोरात की काउंटरवरचा चहा सांडला. भाऊजींनी रुमालानं काउंटर पुसला, सॉरी म्हटलं, आणि परतीच्या बसमध्ये देवास येईपर्यंत कॅमेरा दोन्ही हातांत धरून बसले. त्यानंतर त्यांनी कॅमेरा कुणाच्या हाती दिला नाही, माझ्यासुद्धा.

घरी त्यांनी कॅमेऱ्याला दोन तारा डाख लावून जोडल्या आणि टॉर्चचे मोठे सेल जोडले. एक जोडी चालू, दुसरी बाजूला तयार. नवी जोडल्याशिवाय जुनी काढायची नाही, कारखान्यातली शिस्त. दर गुरुवारी शाळेतून आले की मी बघायचे, दार उघडं असे आणि ते टेबलाशी वाकलेले असत. आधी खिडकीतला आकडा बघायचे, सेल बदलायचे, पुन्हा आकडा बघायचे. सव्वीस. मग दार लोटून घ्यायचे.

स्वयंपाकघर त्यांनी बंदच केलं. डबा बाहेरून येई. घरात फक्त चहा होत होता, चहा-साखर टेबलावर मशीनशेजारी असे. मी एकदोनदा आमटी नेऊन दिली, ती त्यांनी भांडं घासून परत केली. रडताना त्यांना मी पाहिलं नाही. लोक म्हणत, घाटपांडे सावरले. मला ते सावरल्यासारखे वाटत नव्हते, पण कोसळल्यासारखेही वाटत नव्हते. मीटरचा काटा एका जागी चिकटून बसतो, तसे दिसायचे.

वर्षश्राद्ध धारला अक्काकडे करायचं ठरलं. मीही गेले होते. भाऊजींनी मालूताईचे सगळे स्टीलचे डबे दोन पोत्यांत भरून बसच्या टपावर चढवले. अक्काचं घर मोठं, माणसं बरीच, तिथे वापरात येतील म्हणाले. डबे उघडूनही बघितले नव्हते. अक्कानं उघडले तर रव्यात जाळी, डाळीत किडे. "अहो, निदान ऊन तरी दाखवायचं होतं," ती म्हणाली आणि सगळं मागच्या अंगणात रिकामं केलं. भाऊजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते अक्काच्या कपाटातून तिचा कॅमेरा शोधत होते. तोच, तसाच, न वापरलेला. तो मिळाल्यावर त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा जरा हलला. "बाई, आता प्रयोग करता येतील. चुकलं तर यावर चुकेल," म्हणाले. डबे देऊन कॅमेरा घेऊन आम्ही परत आलो.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. परदेशात असे काही लोक होते जे फुकट बसून कॅमेरे लिनक्सला लावायचं काम करत. भाऊजी आठवड्यातून एकदा बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन त्यांना लिहीत आणि उत्तर फ्लॉपीवर घेऊन येत. इंग्रजी माझ्याकडून तपासून घेत. सुरुवात नेहमी 'रिस्पेक्टेड सर'. मी म्हटलं, भाऊजी, हा सर विशीतला पोरगा असेल. ते म्हणाले, "त्याला येतं आणि मला येत नाही, म्हणजे सरच." एकदा तिकडून उत्तर आलं की सेल काढून, कॅमेरा पूर्ण रिकामा करून पुन्हा जोडा आणि काय होतं ते कळवा. भाऊजींनी लिहिलं, दुसऱ्या कॅमेऱ्यावर करतो. पहिल्याचे सेल काढता येणार नाहीत, कारण खासगी आहे. मी त्यात 'सॉरी' घातलं, ते त्यांनी खोडलं. यात चूक कुणाची नाही, म्हणाले.

असं वर्षाहून जास्त चाललं. त्या काळात लाइट दिवसदिवस जायची. आली की भाऊजी मशीनपुढे. अक्काच्या कॅमेऱ्यानं त्यांनी आपल्या पंख्याचे, पायाचे, रजिस्टरचे शेकडो फोटो काढले असतील, मशीनला जोडून बघण्यासाठी. कधी अर्धाच फोटो येई, कधी सगळा हिरवा. एकीकडे लोकांची कामंही चालूच होती. स्कॅनर, माउस, कुणाचा टीव्हीचा डबा. शेवटच्या रकान्यात 'लागलं', 'लागलं', आणि वर एका जागी कोरं.

एका रविवारी दुपारी त्यांनी दार वाजवलं. त्याआधी त्यांनी कधी दार वाजवल्याचं मला आठवत नाही. "बाई, अक्काचा लागला. दहा वेळा लावून पाहिला, दहाही वेळा लागला. आता तिचा लावतो. तुम्ही बसा शेजारी." मी हात पुसले आणि गेले. त्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. भिंतीवरचा कोपरवाला फोटो खाली उतरवून ठेवला होता, खिळा रिकामा होता.

वायर जोडली. मशीननं चार ओळी लिहिल्या. भाऊजींनी त्या बोट ठेवून वाचल्या आणि बटण दाबलं. फोटो एकेक करून उतरायला लागले. काहीच अडलं नाही.

पहिला फोटो डब्याचा होता. झाकण उघडं, आत काहीतरी पांढरं, शेजारी ओट्यावर एक चिठ्ठी. दुसराही डब्याचा. तिसरा मसाल्याच्या पाळ्याचा, वरून. चौथा फडताळाचा, वरचा कप्पा. पाचव्यात गॅस बंद करायची मागची किल्ली, आणि तिच्याकडे दाखवणारं बोट. बोट मालूताईचं. सव्वीसच्या सव्वीस फोटोंत तिचं तेवढंच होतं.

भाऊजी शेवटपर्यंत गेले, मग पुन्हा पहिल्यापासून. फोटो एवढे बारीक आणि भुरकट होते की चिठ्ठ्यांवरचं अक्षर म्हणजे नुसत्या रेघा. एक चिठ्ठी तेवढी स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलेली होती, ती वाचता आली. धारकडच्या जुन्या वळणाचं तिचं मराठी. 'एकट्यास दीड मूठ.'

तेव्हा मला कळलं. तुमच्यापुरतं काढून ठेवलंय. हे वाक्य मी स्वतः ताटावर झाकण ठेवताना कितीदा म्हटलं होतं. तिनं ते स्वयंपाकघरातल्यासारखंच म्हटलं होतं, आणि मी शेजारी पिशवी धरून उभी असूनही मला ते ऐकू आलं नव्हतं. भाऊजींना तर बिचाऱ्यांना फोटोच कळणार. आपणच दोषी असल्यासारखं वाटलं, ते अजून वाटतं.

भाऊजी म्हणाले, "डबे धारला गेले."

मी हो म्हटलं.

"चिठ्ठ्या?"

मी त्यांच्याच फोनवरून अक्काला फोन लावला. अक्का म्हणाली, "हाओ, होत्या की प्रत्येक डब्यात. किराण्याच्या यादीचे तुकडे असतील म्हणून किड्यांबरोबर टाकल्या. का गं?" मी काही नाही म्हणून फोन ठेवला. भाऊजींनी उतरवलेला फोटो पुन्हा खिळ्याला लावला, सरळ आहे का बघितलं, आणि रजिस्टर काढलं. कोऱ्या रकान्यात काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझी बदली सरदारपूरला झाली. सामान बांधायला सुतळी हवी म्हणून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले, तर भाऊजी तिथे उभे होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्या दुकानात पाहिलं नव्हतं. दुकानदारही त्यांना ओळखत नव्हता. त्यांच्या हातात प्रिंटरवर काढलेला एक कागद होता, काळापांढरा, वर एका उघड्या डब्याचा फोटो. दुकानदारानं चष्मा वर करून तो उजेडात फिरवला.

"बाऊजी, इसमें तो कुछ समझ नी पड़ रिया. तुअर है के चना दाल?"

मी मागे उभी होते, पण पुढे झाले नाही. मलाही ते ओळखता आलं नसतं.

"दोनों दे दो," ते म्हणाले.

"कित्ती दूं?"

त्यांनी उजवा हात पुढे केला, मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. त्यांना ते मापात सांगता येईना. दुकानदार समजूतदार होता. त्यानं कागद परत दिला आणि पिशवी उघडत सहज विचारलं, "अच्छा, ये बताओ, खाने वाले कित्ते हैं घर में?"

भाऊजींनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"एक," म्हणाले.